मान्सोची वासरं

"दोर सैल सोडा. आता ओढू नका," एल्बिया सारासोला म्हणाली. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत कालवडीच्या पोटात होता आणि गाल जनावराच्या ओल्या मांडीला टेकला होता. "पुढचा पाय सरळ होतच नाहीये. गुडघ्यात वाकलाय तो तसाच घट्ट बसलाय."

खोड्याच्या पलीकडे डोन आन्सेल्मो बिदेगाराय दोराचं टोक धरून उभे होते. त्यांनी दोर सोडला आणि बाहीने कपाळ पुसलं. कुंपणाला टेकून शेजारपाजारचे काही जण येर्बाचा कडू काढा ओढत बघत होते. वसंत सरत आला होता, उशिराच्या गाई वीत होत्या, कुणाला उसंत नव्हती. पण पैदास केंद्रातल्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्यात म्हटल्यावर लोक हातातली कामं टाकून आले होते.

वासरू बाहेर आलं ते मेलेलंच. चारही पाय मुरगळलेले, पाठीचा कणा कमानीसारखा वाकलेला, मान एका कुशीवर वळून तिथेच आखडलेली. आन्सेल्मोंच्या कळपात त्या वसंतात असं तिसऱ्यांदा झालं होतं. त्यांची बहीण डेल्फिना पोतं घेऊन आली आणि कुणाकडे न बघता तिने ते वासरावर टाकलं.

"कालवड वाचेल," एल्बिया बादलीत हात धुताना म्हणाली. "पण मला तुमचं कुरण बघायचंय. पाणी कुठे पितात गुरं?"

सगळेच ओढ्याकडे गेले. काठाने सिकूता माजली होती, माणसाच्या उंचीची, पांढऱ्या फुलांचे झुबके, देठांवर जांभळे ठिपके. एल्बियाने एक देठ मोडून वर धरला. मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हे बघा. गाभण गाईने दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे खाल्लं की पोटातलं वासरू असं आखडतं. पुस्तकात फोटो आहेत, अगदी असेच."

"हे तर आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे इथे," आन्सेल्मो म्हणाले.

"असेल. गेल्या उन्हाळ्यात गवत नव्हतं. भुकेल्या गाईने तोंड घातलं असणार."

आन्सेल्मोंनी तिच्या हातातला देठ घेऊन उलटसुलट केला. "म्हणजे माझ्याकडूनच झालं."

"कुरण तुमचं आहे," एल्बिया म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. एखाद्याला त्याचा रक्तदाब सांगावा तसं ती सांगून गेली आणि गाडीत बसली.

एल्बियाचे वडील दुसऱ्यांची गुरं हाकत रेल्वेच्या ठाण्यापर्यंत पोचवणारे. घोड्यावर जन्म गेला, पण स्वतःच्या नावाची एक गाय कधी झाली नाही. त्यांची मुलगी मोन्तेविदेओला जाऊन जनावरांची डॉक्टर झाली, मग समुद्रापलीकडे जाऊन आनुवंशशास्त्र शिकून आली. ताकुआरेम्बोच्या उत्तरेला असलेल्या पैदास केंद्रात ती रुजू झाली तेव्हा बाईमाणूस वळू निवडतं यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. थंड नत्राचं पात्र गाडीत टाकून, त्यात वीर्यकांड्या घेऊन ती गावोगाव हिंडायची. लोक तिला फाटकाशीच थांबवायचे. "लग्न कर बाई, लग्न," एकाने तिला सांगितलं होतं, "म्हणजे असल्या गोष्टी भांड्यात घालून हिंडावं लागणार नाही." शेजारी उभे असलेले पोट धरून हसले होते. एल्बियाही हसली होती, आणि पुढच्या फाटकापर्यंत तिला रस्ता नीट दिसला नव्हता.

आन्सेल्मोंनी फाटक उघडलं होतं. "आत या. आभाळ भरून आलंय," एवढंच ते म्हणाले होते. डेल्फिनाने पावसाळी दिवशी तळतात तशा पोळ्या तळल्या, आणि भाऊबहिणीने मान खाली घालून तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. आईबाप गेल्यावर त्या घरात दोघं आणि गुरं एवढीच उरली होती. "तुम्ही शिकून आलाय," आन्सेल्मो शेवटी म्हणाले. "मी करून बघतो." त्या भागात मान्सोची वासरं पहिल्यांदा जन्मली ती त्यांच्याकडे.

मान्सो म्हणजे शांत. नावासारखाच तो वळू होता, तांबडा, पांढऱ्या तोंडाचा, खांद्यापाशी हात ठेवला तर डोळे मिटून उभा राहणारा. एल्बियाने तो केंद्रातल्या किती तरी गोऱ्ह्यांतून निवडला होता. त्याची वासरं जन्मताना लहान असत, कालवडींना त्रास होत नसे, आणि दूध तुटल्यावर मात्र बघता बघता अंग धरत. खाटीकखान्याचे दलाल लांबूनच ओळखत, "ही मान्सोची." काही वर्षांत फाटकाशी थांबवणारे तेच लोक केंद्राच्या दारात कांड्यांसाठी उभे राहू लागले. एल्बियाचे लेख छापून आले. तिला बाहेरदेशी बोलावणी येऊ लागली. लग्न राहून गेलं ते गेलंच. पण कुणी विचारलं तर ती म्हणायची, "माझी मुलं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल."

मान्सोचे गोऱ्हे मोठे झाले तेव्हा त्यातला सर्वांत देखणा तिने आन्सेल्मोंना दिला. त्यांच्याकडे तोवर बहुतेक गाई मान्सोच्याच लेकी होत्या.

"बापाच्या लेकी आणि बापाचाच लेक," आन्सेल्मो जरा संकोचून म्हणाले होते. "चालतं का हो हे?"

"माणसात नाही चालत. गुरात चालतं, विचार करून केलं तर. चांगलं रक्त पक्कं होतं त्याने."

"मग ठीक," ते म्हणाले होते.

सिकूताचं कारण सांगून एल्बिया गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आन्सेल्मो आणि डेल्फिना ओढ्यात उतरले. कोयता आणि कुदळ घेऊन त्यांनी काठ मुळापासून साफ केला. मग ओढ्याला तारेचं कुंपण घातलं, आणि गुरांना वरच्या विहिरीचं पाणी पाजायला सुरुवात केली. गावच्या शेतकरी सोसायटीच्या बैठकीत आन्सेल्मो स्वतःहून उभे राहिले. "माझ्या कुरणात विषारी झाड निघालंय," ते म्हणाले. "कुणी माझ्याकडून कालवडी नेल्या असतील तर सांगून ठेवतो. तुमचे ओढे बघून घ्या." त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्यांनी जनावरं नेली नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पुढच्या वसंतात त्यांच्याकडे पुन्हा वाकडी वासरं जन्मली. एल्बियाने केंद्रातल्या एका नवख्या डॉक्टरला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "कुंपण तर चांगलं दिसतंय."

"कुठे तरी तुटलं असेल," ती म्हणाली आणि हातातलं काम करू लागली.

तिच्या मनात शंका आली नव्हती असं नाही. आली होती. एकदा एकटीच गाडी चालवताना आली, अगदी स्पष्ट, कुणी शेजारी बसून बोलावं तशी. तिने रेडिओ लावला. राजधानीत तिचा सत्कार ठरला होता, मान्सोबद्दल भाषण करायचं होतं, आणि आन्सेल्मोंकडचा रस्ता खड्ड्यांचा होता.

सोसायटीची वार्षिक मेजवानी त्याच सुमाराला झाली. निलगिरीच्या सावलीत लांब टेबलं मांडली होती, बाजूला निखाऱ्यांवर बरगड्या भाजत होत्या, लाल वाइनचे बुधले फिरत होते. एल्बियाला मधोमध बसवलं होतं. समोरून कुणी तरी विचारलं, "डॉक्टर, आन्सेल्मोकडे यंदाही तसंच झालं म्हणे? कुंपण घालूनसुद्धा?"

"काय करणार," एल्बिया पेला उचलत म्हणाली. "त्यांच्या गाईंना फुलांचा शौक आहे. कुंपण ओलांडून वेचायला जातात."

सगळं टेबल हसलं. टेबलाच्या टोकाला आन्सेल्मो बसले होते. लोक वळून बघताहेत हे पाहून तेही हसले. "हो, शौकीन आहेत खऱ्या," ते म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेली डेल्फिना हसली नाही. तिने सुरी ताटलीत आडवी ठेवली, आणि नंतर काही खाल्लं नाही.

त्या दिवसापासून त्यांचं नाव फुलवाले पडलं. बाजारात कुणी तरी त्यांच्या गाडीच्या टपावर रानफुलांचा गुच्छ ठेवला. दारूच्या गुत्त्यात लोक विचारत, "काय फुलवाले, हार कधी मिळणार?" त्यांच्या कालवडींना गिऱ्हाईक येईना. ते सोसायटीत येईनासे झाले. एल्बियाच्या कानावर हे आलं तेव्हा तिला थोडं वाईट वाटलं. पण त्यात थोडी मौजही वाटली, आपला विनोद इतका पसरला म्हणून. पुढे ती हेच आठवून सर्वांत जास्त लाजायची.

दोनएक वर्षं गेली. एके दिवशी एल्बिया डोंगराकडच्या बाजूला, डोन्या पाउला इच्चार्त या विधवा बाईंकडे गुरं तपासायला गेली होती. काम झाल्यावर पाउलाबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावून घेतलं आणि येर्बाचा पेला पुढे केला.

"एक विचारायचंय. पण या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये."

"बोला ना."

"माझ्याकडे झालंय तसं. आन्सेल्मोकडे होतं तसं. गेल्या वर्षी झालं, यंदाही झालं. मी रातोरात पुरायला लावली वासरं. गडीमाणसांना शपथा घातल्यात."

एल्बियाने पेला खाली ठेवला. "तुमच्याकडे सिकूता कुठे आहे?"

"तेच तर. माझा नुसता कातळ. इथे बकरीला चघळायला झुडूप मिळत नाही, फुलं कुठली?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? तेव्हाच सांगायचं होतं मला."

पाउलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. सांगू की नको, एवढाच विचार होता. "डॉक्टर, तुम्ही आन्सेल्मोचं काय केलंत ते सगळ्यांनी बघितलं. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. तिला फुलवालीची पोर म्हणवून घ्यायला लावू का मी? आणि मी एकटी नाहीये. ओळीने नावं सांगू शकते. सगळे पुरतात आणि गप्प बसतात."

"वळू कुणाचा आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"दुसऱ्या कुणाचा असणार? तुमच्या मान्सोचा गोऱ्हा. आणि गाई तर मान्सोच्याच. तुम्हीच म्हणाला होतात, रक्त पक्कं होतं."

परतताना एल्बियाने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि तशीच बसून राहिली. सगळं साधं होतं, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळावं इतकं साधं. मान्सोच्या रक्तात एक दोष दडलेला होता. एकेरी असताना तो दिसत नाही, बाधतही नाही. बापाकडून आणि आईकडून दोन्हीकडून आला तरच वासरू वाकडं होतं. मान्सोच्या लेकींना मान्सोचाच लेक लावला की कधी ना कधी तो दोन्हीकडून येणार. जे तिचं मन लावून ऐकत, त्यांच्याकडेच तो आधी येणार. आणि आन्सेल्मोंइतकं मन लावून तिचं कुणी ऐकलं नव्हतं. डोंगरावरची, माळावरची ही वासरं तिच्या कानावर आधी आली असती तर तिला पहिल्याच वर्षी कळलं असतं. ती आली नाहीत, कारण तिने भर मेजवानीत एक विनोद केला होता.

केंद्राचे संचालक फाब्रिसिओ मुत्तोनी तिचे जुने सहकारी. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून खिडकी लावली.

"एल्बिया, हे तुला वाटतंय. सिद्ध झालंय का?"

"नाही अजून."

"मग सिद्ध कर. मान्सोला त्याच्याच लेकी लाव, इथे, आपल्या आवारात. एक तण उगवत नाही इथे असं. वाकडं वासरू जन्मलं तर मी स्वतः जाहीर करीन. तोवर तोंड उघडायचं नाही. चुकलीस तर तुझी अब्रू जाईल, केंद्राचीही जाईल, आणि लोक पुन्हा कधी कुणाचं ऐकणार नाहीत."

"तोवर लोक त्याच कांड्या वापरणार."

"त्या थांबवू. म्हातारा झालाय, पुरवठा नाही म्हणून सांगू. पण बोलायचं नाही."

आधी सिद्ध करायचं, यात खोटं काही नव्हतं. विज्ञान असंच करायचं असतं, तीच इतरांना हे शिकवत आली होती. ती हो म्हणाली. त्या हो म्हणण्याने तिला केवढं हायसं वाटलं, ते तिला तेव्हाच जाणवलं होतं.

मान्सोच्या लेकी एकेक करून माजावर आल्या, गाभण राहिल्या. हिवाळा आला आणि गेला. एल्बिया रोज संध्याकाळी त्यांच्यात चक्कर मारायची. मान्सो वेगळ्या कुंपणात असायचा, आता गुडघे धरलेला, मिठाचा दगड चाटत उभा. ती जवळ गेली की तो मान पुढे करायचा आणि ती कानामागे खाजवायची. त्याच्यावर राग धरता येत नव्हता. राग धरायला दुसरं कुणीही तिथे नव्हतं. एकदोनदा तिने आन्सेल्मोंकडे जायला गाडी काढली होती. नुसतं एवढं सांगायचं होतं की थांबा, अजून काही ठरवू नका. दोन्ही वेळा ती वाटेतल्या पुलाजवळून वळली. सिद्ध होऊ दे, मग जाऊ, असं स्वतःला सांगत परतली.

बऱ्याच गाई धडधाकट वासरं व्यायल्या. एका रविवारी दुपारी गुराखी तिच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. ती चपला घालून त्याच्यामागे गेली. गवतात ते पडलं होतं, चारही पाय मुरगळलेले, मान एका कुशीवर. गाय ते चाटत होती, नाकाने ढोसून उठवायला बघत होती. एल्बिया शेजारी बसली. मनात कुठे तरी तिने आशा धरली होती की सगळी धडधाकट निघतील, आणि मग आन्सेल्मोच चुकलेले ठरतील. ही आशा आपण इतके महिने बाळगली, हे तिला त्या गाईसमोर बसल्यावर कळलं, आणि तिला मान वर करवेना.

सोसायटीच्या सभेला हॉल भरला होता. एल्बिया उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, पाल्हाळ न लावता. मान्सोत दोष आहे. मी तो निवडला. मी बापाच्या लेकींना बापाचे लेक लावायला सांगितले. डोन आन्सेल्मोंच्या कुरणाचा यात काही संबंध नव्हता, आणि मी त्यांच्याबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं.

मग पाउलाबाई उठल्या. "माझ्याकडे झाली तसली वासरं," त्या म्हणाल्या. मागून एक जण म्हणाला, "माझ्याकडेही." मग तिसरा, मग चौथा. माणसं एकमेकांकडे बघू लागली, हसू लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. "लेका, तूही पुरत होतास होय?" इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा सगळा हॉल बोलू लागला. मुत्तोनी पुढे आले. केंद्र सत्य लपवत नाही, स्वतःची चूक स्वतः शोधतं, डॉक्टर सारासोलांसारखा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले उभे राहिले. एल्बिया हात खाली सोडून उभी होती. त्या टाळ्या थांबवायच्या कशा ते तिला कळत नव्हतं. याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

ती हॉलभर नजर फिरवत होती. "डोन आन्सेल्मो नाही आले?" तिने शेजारच्याला विचारलं.

"तो कशाला येईल? त्याच्याकडे गुरं कुठे राहिलीत?"

"म्हणजे?"

"विकून टाकली की सगळी. यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी. गाई, कालवडी, सगळं ट्रकमध्ये घालून खाटीकखान्यात. म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या कळपात ही पीडा जायला नको. मेंढरं पाळतो आता."

हिवाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा मान्सोच्या लेकी केंद्रात गाभण होत्या, आणि ती पुलापर्यंत जाऊन परतत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुलावरून पलीकडे गेली. सभेसाठी शिवलेला कोटच अंगात होता, घरी जाऊन तिने तो काढलाच नव्हता. आन्सेल्मो वाड्यात मेंढरांचे खूर कापत होते. पाऊस होऊन गेला होता, सगळीकडे चिखल होता. ते पूर्वीपेक्षा बारीक झालेले दिसले. डेल्फिना मेंढीचे पाय धरून बसली होती, तिची बोटं सांध्यांशी सुजून वाकडी झाली होती.

"या डॉक्टर," आन्सेल्मो म्हणाले. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली नाही.

तिने तारेबाहेर उभं राहूनच सांगितलं. सभेत सांगताना आवाज कापला नव्हता. इथे मधेच दोनदा थांबावं लागलं. ओढ्याचं सांगितलं, मान्सोचं सांगितलं, केंद्रातल्या वासराचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला तीन वर्षांपूर्वीच शंका आली होती. मी तेव्हाच यायला हवं होतं. तुमची गुरं राहिली असती. सगळ्यांच्यात नव्हता दोष. चांगल्या होत्या त्यातल्या बऱ्याच."

आन्सेल्मोंनी हातातला खूर नीट कापून पुरा केला. मेंढी सोडली. ती लंगडत कळपात गेली.

"म्हणजे ओढ्याचं काही नव्हतं," ते म्हणाले.

"काही नव्हतं."

"आम्ही दोघांनी उन्हाळाभर उपटलं ते."

"हो."

"डेल्फिना, ऐकलंस?"

डेल्फिना उठली. तिने हात परकराला पुसले. "तीन वर्षांपूर्वी," ती एल्बियाला म्हणाली. "मी ट्रकमध्ये चढवताना एकेकीचं नाव घेत होते. तीन वर्षांपूर्वी माहीत होतं तुम्हाला."

"शंका होती."

"आम्हाला तेवढीही पुरली असती, बाई."

"मी लेखी जाहीर करीन," एल्बिया म्हणाली. "पेपरात देईन. केंद्राकडून चांगल्या कालवडी, दोष नसलेल्या, तुम्हाला..."

"नको," आन्सेल्मो म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझं वय झालं आता. गुरं पुन्हा उभी करायला आयुष्य लागतं. मेंढरं बरी आहेत. आवाज कमी असतो त्यांचा."

डेल्फिना घराकडे गेली आणि थोड्या वेळाने किटली आणि येर्बाचा पेला घेऊन आली. ओंडक्यावर बसून तिने पेला भरला, भावाला दिला. तो पिऊन झाल्यावर पुन्हा भरला, स्वतः प्यायली. मग पुन्हा भावाला दिला. एल्बिया तारेबाहेर उभी होती. या देशात रस्त्यावरचा अनोळखी माणूस थांबला तरी पेला त्याच्या हातात जातो. आन्सेल्मोंनी एकदा बहिणीकडे बघितलं.

पेला संपल्यावर त्यांनी कात्री उचलली. पुढची मेंढी कोपऱ्यात गाठून उलटी केली, आणि एका हाताने तिचे पाय आवरत दुसऱ्या हाताने कापायला बघू लागले. जमेना. मेंढी झटके देत होती. डेल्फिना ओंडक्यावरून उठली नाही. बोटं मांडीत घट्ट आवळून बसून राहिली.

एल्बियाने फाटकाची कडी काढली. आत येऊन ती चिखलात गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी मेंढीचे पाय धरले.

"असं नाही," आन्सेल्मो म्हणाले. "खालून धरा. सांध्याच्या वर. दुखतं तिला."

तिने हात खाली घेतले. त्यांनी खुराच्या भेगेतला कुजका भाग कोरून काढला, औषध लावलं, दुसरा पाय घेतला. कोटाच्या बाह्या शेणाने आणि चिखलाने भरल्या. कात्रीचा आवाज येत होता, आणि वाड्यात उरलेली मेंढरं एकमेकांना चिकटून बघत उभी होती.

"झालं," आन्सेल्मो म्हणाले आणि ती मेंढी सोडून दिली. कमरेवर हात ठेवून त्यांनी पाठ जरा सरळ केली.

"पुढची धरा."